एल्मुरोदचा उजवा पाय आणि मी

मी एक जुना ताणकाटा आहे, आणि फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. मित्रांनो, माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे, छातीवर गोल तबकडी आहे आणि तिच्यावर शून्य ते पन्नास आकडे आहेत. वर एक कडी, खाली एक हूक, एवढाच माझा संसार. पण माझा काटा कुठे थांबतो यावर कुणाचं तरी पुढचं आयुष्य ठरतं, आणि त्या विचाराने मी रोज सकाळी धास्तावतो.

माझा जन्म ताश्कंदच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी फर्गाना खोऱ्यातल्या कापसाच्या शेतावर कामाला लागलो. तीन वाशांच्या तिवईला मला टांगलेलं असे आणि बायका कापसाची गाठोडी घेऊन रांगेत उभ्या असत. सगळ्या माझ्याकडे भीत भीत बघत. कुणी गाठोड्यात खाली ओला कापूस दडपायची, कुणी एखादा धोंडा. मला ते लगेच कळायचं. कापूस हुकावर हळूच बसतो, धोंडा हिसका देतो. पण मला बोलता येत नाही, फक्त किलो दाखवता येतात. लबाडी कळूनही गप्प राहायची सवय मला तिथेच लागली.

पुढे कापूस तोलायला मोठी यंत्रं आली आणि मी बाजारातल्या भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो. एके दिवशी जाड मानेच्या, चुरगळलेल्या कानाच्या एका माणसाने मला उचललं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि एका खरबुजाच्या बदल्यात घरी नेलं. ते तुल्किन आका. आका म्हणजे थोरला भाऊ, तिकडे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आणि आता गावाच्या ‘चिनोर’ फुटबॉल संघात कामाला. खेळाडूंचा जोर वाढवायचा आणि त्यांना मोडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. गोल झाला तर त्यांचं नाव कुणी घेत नसे. कुणी लंगडत बाहेर आला की मात्र सगळे त्यांच्याकडेच बघत.

आकांनी मला भिंतीतल्या लोखंडी कडीला अडकवलं. समोर एक लाकडी बाक होता. खेळाडू त्यावर पालथा झोपायचा. आकांचा जुना कुस्तीचा कमरपट्टा त्याच्या घोट्याला बांधायचा, पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हुकात, आणि खेळाडूने टाच आपल्याकडे ओढायची. मांडीच्या मागच्या स्नायूत किती जोर आहे ते त्यातून कळायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा चार किलोंहून अधिक फरकाने कमी भरला, तर त्या खेळाडूने जोरात पळायचं नाही. कारण पळताना फाटतो तो हाच स्नायू.

पण त्याच्याही आधी, रोज सकाळी, आका वीस-वीस किलोच्या दोन चकत्या माझ्या हुकाला लावत. काटा चाळीसवर थांबला की म्हणत, “याची परीक्षा झाली. आता तुमची.” मला त्या चकत्यांचं ओझं आवडायचं. त्या दिवसापुरता तरी मी खरा आहे, अशी खात्री पटायची.

आता एल्मुरोदबद्दल सांगतो. तो डाव्या बाजूने वाऱ्यासारखा पळायचा. संघाचे निम्मे गोल त्याचे. त्याचा डावा स्नायू दोनदा फाटला होता. दुसऱ्या वेळी मी याच भिंतीवर होतो. मैदानावरून लोकांचा गलका ऐकू येत होता आणि एकदम तो बंद झाला. मित्रांनो, त्या शांततेची भीती मला अजून वाटते. डॉक्टर नंतर म्हणाले होते की तिसऱ्यांदा फाटला तर तो हाडापासून सुटेल, आणि मग फुटबॉल विसरायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात शेवटचा सामना उरला होता. हरलो तर ‘चिनोर’ खालच्या गटात जाणार होता. आदल्या दिवशी एल्मुरोद आत आला तेव्हा फारच आनंदात होता. इतका आनंदी माणूस दिसला की माझं धाबं दणाणतं.

“आका, आज डावा आधी घेऊ या,” तो म्हणाला. “त्याचं एकदा झालं की तुम्हीही सुटलात, मीही सुटलो.”

“बरं. झोप पालथा.”

“तुम्ही माणूस तोलताय की कापूस, हेच कळत नाही मला.”

“कापूस निदान खोटं बोलत नाही.”

कापूसही बोलतो हो आका, असं मला सांगावंसं वाटलं.

डावा पाय ओढला गेला. पट्टा थरथरला, एल्मुरोदने दात आवळले आणि काटा कसाबसा एकतिसावर आला. “एकतीस,” आका मोठ्याने म्हणाले. मग उजवा. हा पाय मला चांगला ठाऊक होता, चाळीसच्या खाली तो कधी उतरला नव्हता. तो सावकाश वर आला, बत्तिसावर येऊन थांबला आणि तिथेच शांत उभा राहिला. थरथर नाही, काही नाही. माझ्या लक्षात आलं. आधी दुबळ्या पायाचा आकडा ऐकून घ्यायचा आणि मग चांगला पाय मुद्दाम तिथेच थांबवायचा. हे धोंड्याचंच गाठोडं होतं, फक्त उलटं. भीतीने माझी स्प्रिंग गार पडली, पण काट्याला बत्तीसच दाखवावे लागले.

दारात संघाचे मुख्य प्रशिक्षक बोतिर आका येऊन उभे होते. “झालं का तुल्किन? मला यादी द्यायचीय.”

“एकतीस आणि बत्तीस.”

“मग लिहितो नाव.”

“दोन्ही पाय कमी भरलेत पण.”

“आठवड्यात तीन सामने झालेत आका,” एल्मुरोद बाकावरूनच म्हणाला. “गाढवसुद्धा खाली बसलं असतं.”

बोतिर आका हसले. तुल्किन आका हसले नाहीत. त्यांचा हात अजून पट्ट्यावर होता. तरुणपणी दुसऱ्याचे पट्टे धरून कुस्ती केलेला तो हात. पट्टा का थरथरला नाही, हे तो हात विचारत असावा.

“पुन्हा करू,” आका म्हणाले. “टोपी डोळ्यांवर ओढ. आणि आता आकडा मी सांगणार नाही.”

“का? माझा विश्वास नाही का तुमच्यावर?”

“माझा तुझ्यावर नाही. झोप.”

त्यांनी एक पाय, मग दुसरा, असं तीन-तीन वेळा ओढायला लावलं आणि भिंतीवर खडूने लिहीत गेले. डावा एकतीस, तीस, एकतीस. उजवा पस्तीस, सत्तावीस, अडतीस. मित्रांनो, जो जीव तोडून ओढतो तो दर वेळी जवळपास तिथेच येऊन थांबतो, कारण त्याच्या पुढे जाणं त्याच्या हातातच नसतं. जो अर्धवट ओढतो त्याला आपण मघाशी कुठे थांबलो ते आठवावं लागतं, आणि आकडा ऐकलेला नसेल तर ते आठवत नाही.

आकांनी टोपी बाजूला केली. “बघ भिंतीकडे. डावा खरं बोलतोय.”

एल्मुरोदने भिंतीवरचे आकडे एकेक करून वाचले. “आका, एकच सामना. साठ मिनिटं. मी फार पळणार नाही.”

“तू न पळता खेळतोस? कधीपासून?”

“हरलो तर गावात तोंड कसं दाखवू?”

“चालत जाऊन दाखव. दोन पायांनी.”

बोतिर आका आता आत आले होते. “सात किलोंचा फरक. सात किलो म्हणजे काय रे तुल्किन, दोन खरबुजं. दोन खरबुजांसाठी तू गाव बुडवायला निघालास.”

“ती दोन खरबुजं त्याच्या मांडीत नाहीत ना. तुम्ही नाव लिहा. फक्त खाली हेही लिहा, की तुल्किन नको म्हणाला होता.”

बोतिर आकांनी नाव लिहिलं नाही. तुल्किन आका एल्मुरोदला म्हणाले, “उद्या बाकावर बसायचं. कोट घालून.” दोघे बाहेर गेल्यावर एल्मुरोदने माझ्या शेजारी भिंतीवर मूठ आपटली. मग टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढून तो रडला. मी एकटाच साक्षीला होतो.

‘चिनोर’ एका गोलाने हरला आणि खालच्या गटात गेला. आठ दिवसांत तुल्किन आकांना कामावरून काढलं. जाताना त्यांनी पट्टा आणि मला इथेच ठेवलं. एल्मुरोदला एवढंच म्हणाले, “याला रोज चाळीस किलो लागतात. विसरू नकोस.”

वसंतात एल्मुरोदचा डावा पाय चाळिसावर आला आणि उजवा एक्केचाळिसावर. पुढे तो पाच वर्षं खेळला. त्याचा स्नायू पुन्हा फाटला नाही. खेळ थांबवल्यावर आकांची खोली आणि आकांचं काम त्याच्याकडेच आलं. पहिलं वर्ष तो रोज चकत्या लावायचा. नवीन खेळाडू आला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “याच्यापासून काही लपत नाही बरं का. याने मला पकडलं होतं.” मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू, फार गोड लागायचं ते.

पण त्या कौतुकानेच घात केला. ज्याने आपल्याला पकडलं त्याला काय तपासायचं, असं त्याला वाटलं असावं. एक चकती दार अडवायला गेली, दुसरी बाकाखाली. दोन वर्षांत कुणी मला चाळीस किलो लावले नाहीत. छत गळायचं, माझ्या दांड्यावर गंज चढला आणि एका सकाळी माझा काटा पस्तिसाच्या पुढे जाईना. पाय छत्तीसने ओढो की पंचेचाळीसने, मी पस्तीसच सांगायचो. दुबळ्या पायाला पस्तीस, दणकट पायालाही पस्तीस. म्हणजे मीच आता खोटं बोलत होतो, आणि एल्मुरोदचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास होता. रोज मैदानावर गलका सुरू झाला की तो आता बंद पडेल, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागायचा.

आज, मार्चमधल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, तीन खेळाडू आले. पहिल्याचे दोन्ही पाय पस्तीस. दुसऱ्याचेही. तिसऱ्याचा डावा पस्तिसावर थरथरून संपला. उजवा चांगला चव्वेचाळीसपर्यंत गेला असता, तो माझ्या पोटातला गंज ढकलत राहिला आणि मी पस्तिसावर अडून बसलो.

“बरोबर,” एल्मुरोद म्हणाला आणि भिंतीवर लिहायला वळला. लिहिता लिहिता त्याचा खडू थांबला.

“सहा पायांना एकच आकडा?” तो म्हणाला. “तुम्ही काय एका साच्यातून काढलेत?”

तो दाराकडे गेला, चकती उचलली. बाकाखालची दुसरीही काढली. दोन्ही माझ्या हुकाला लावल्या. मी पस्तीस दाखवले. त्याने फोन काढला.

“तुल्किन आका, काटा पस्तिसाच्या पुढे जात नाहीये.”

“चकत्या रोज लावतोस ना?” आकांचा आवाज मला इतक्या वर्षांनी ऐकू आला.

एल्मुरोदने हुकाला लटकलेल्या चकत्यांकडे बघितलं.

“एल्मुरोद?”

“दोन वर्षं नाही लावल्या, आका.”

“कुणी खेळाडू मोडला का?”

“नाही. अजून नाही.”

“मग आधी सगळ्यांना थांबव. नंतर त्याला रॉकेलमध्ये भिजव. स्वतःला शिव्या चहा घेऊन झाल्यावर दे.”

एल्मुरोदने तिघांना आज पळायचं नाही असं सांगून घरी पाठवलं. मग मला कडीवरून हळूच काढलं, तबकडीवरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, “तूही आज बाकावर.”

मित्रांनो, मी आता त्याच बाकावर सुटा सुटा पडलो आहे. स्प्रिंग रॉकेलच्या वाटीत, काटा फडक्यावर. सकाळी मला पुन्हा जोडतील आणि चाळीस किलो लावतील. काटा कुठे थांबेल याची मला भीती वाटते आहे, आणि शेजारी चहा थंड करत बसलेल्या एल्मुरोदलाही. तुम्हाला एकच मागणं आहे. ज्याच्यावर तुमचा फार विश्वास आहे, त्याला रोज एकदा तपासून बघत जा. त्याला वाईट वाटत नाही. मी तर दोन वर्षं त्याचीच वाट बघत होतो.