रुखवतातल्या चार बाटल्या

प्रतापनगरातल्या महादेवरावांच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी स्टोव्हवर सुई उकळायची. थोरली लतिका बाराव्या वर्षापासून मधुमेही. इन्शुलिन टोचून घ्यायची, कॉलेजात जायची, धाकट्या सत्यवतीशी कडाकडा भांडायची. दुखणं सुईच्या धाकात होतं आणि घर लोकांच्या. आजारी मुलीला स्थळ कुठून येणार?

१९७४च्या जूनमध्ये कुणीतरी जांभळाच्या रसाचा उपाय सांगितला. आठ दिवस रस घेतला, आणि लघवीतली साखर तपासताना विटकरी होणारी नळी हिरवट झाली, म्हणजे साखर उतरली. महादेवराव हरखले. अहो, पण सुईही चालूच होती की! गुण मात्र सगळा रसाला दिला.

"रस पाजा खुशाल, थोडीफार मदत होतही असेल," डॉक्टर म्हणाले. "पण सुई सोडली तर मुलगी आठ दिवस काढणार नाही."

"डॉक्टरले काय जाते सांगाले? सोयरीक तो जमवून देणार हाये का?" घरी येऊन महादेवराव बायकोवर, रंभाबाईवर उखडले. "वर्ध्याचे पाहुणे हो म्हणून राहिले. सासरी सुई दिसली तं पोट्टी दुसऱ्या दिवशी माघारी येईन."

"बाबा, मी लपवून घेईन ना सुई," लतिका काकुळतीनं म्हणाली.

"अन् सापडली तं? रस घ्यायचा, मुकाट्यानं!"

रंभाबाई गप्प बसली. आई असून गप्प बसली! रसाच्या चार बाटल्या भरून तिनं रुखवतात मांडल्या. वऱ्हाडणींनी रंगाचं कौतुक केलं.

लग्नाच्या सहाव्या दिवशी लतिका गेली. पाणी पाणी करत, ओकत, धापा टाकत गेली. सासरचे म्हणाले, नवरीला बाहेरची बाधा झाली.

तेरवी उरकली आणि व्याही पुन्हा दारात. थोरली गेली की धाकटी द्यायची, ही आपली रीत! "सत्यवतीले द्या," ते म्हणाले. महादेवरावांनी मान डोलावलीसुद्धा.

"मी नाही जात," सत्यवती कडाडली. "ताई कशानं मेली ते सांगा त्याइले. नाही तं मी सांगतो."

रंभाबाई उठली. "बाधा नव्हती, व्याहीबुवा. माही पोरगी सुईवर जगत होती. हे लग्न मोडू नये म्हणून आमीच तिची सुई सोडवली."

"म्हणजे फसवलं तुमी आमाले!" व्याही ताडकन उठले आणि चपला घालून चालते झाले. लतिकाबद्दल चकार शब्द नाही.

"सत्यानाश केला वं!" महादेवरावांनी कपाळावर हात मारला. "आता गावभर बोभाटा होईन."

"होऊ द्या," रंभाबाई म्हणाली. "हेच तोंड मी लग्नाआधी उघडलं असतं, तं माही लतिका जगली असती."