काढलं म्हणू नको

भुवनाला कामावरून काढलं होतं. एवढीशी गोष्ट सांगायला इंग्रजीत इतके शब्द असतील याची तिला कल्पना नव्हती. रिलीव्ह्ड, रिझाइन्ड, करिअर ब्रेक, मूव्ह्ड ऑन! मुलगी साईप्रिया मोबाइलवर शोधून एकेक वाचून दाखवत होती, दुकानदार साड्या उलगडतो तशी, आणि भुवनाला एकही पसंत पडत नव्हता.

"अम्मा, रिलीव्ह्ड चांगला. धड खोटाही नाही."

"म्हणूनच मज भीती वाटते," भुवना म्हणाली.

बरीच वर्षं ती तंजावुरातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर तपासत असे. सासू दवाखान्यात होती त्या आठवड्यात फोन वाजला की तिच्या छातीत धस्स होई. तशात एका पत्रिकेवरची तारीख चुकली आणि तिच्या नजरेतून निसटली. पत्रिकेवर विसंबलेले निम्मे पाहुणे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आले, रिकाम्या मांडवात. मालकाने तिला घरचा रस्ता दाखवला. आता तिने अर्ज केला होता तो एका कॉलेजात, आणि जागा कसली, तर गुणपत्रिका तपासायची! पण दुसरी जागाच निघत नव्हती, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर चालेना.

मुलाखत लॅपटॉपवर होती. पडद्यावर चेन्नईच्या मुख्य कचेरीतल्या सरोजा मॅडम आणि त्यांच्या शेजारी गुरुमूर्ती नावाचे गृहस्थ, कॉलेजच्या गुणपत्रिका विभागाचे प्रमुख. साईप्रिया कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी खाली जमिनीवर बसली. अडलं तर मराठीत विचारायचं असं ठरलं होतं. यात नवीन काही नव्हतं. भाजीवाल्यासमोर आपसांत भाव ठरवायचा तर मराठीत, बसमध्ये कुणाला नावं ठेवायची तर मराठीत. तमिळ मुलखात राहणाऱ्या तंजावरी मराठी माणसांची ही पिढीजात सोय, आजूबाजूला कुणाला कळत नसे, आणि भुवना तरी त्यात कधी सापडली नव्हती.

"छापखाना का सोडला?" मॅडमनी तमिळमध्ये विचारलं.

 मान न हलवता भुवना पुटपुटली, "आतां काय सांगूं? काढलं म्हणून सांगूं?"

"काढलं म्हणू नको! रिलीव्ह्ड म्हण. तारखेचं तर बोलूच नको," साईप्रिया खालून कुजबुजली.

गुरुमूर्तींनी कागदांवरून डोळे वर केले. "अक्का," ते घरगुती मराठीत हळूच म्हणाले, "मीही तंजावूरचाच."

 नावावरून भुवनाने त्यांना बेलाशक तमिळ ठरवून टाकलं होतं. जसं काही तिच्या स्वतःच्या सासऱ्यांचं नाव सुब्रह्मण्य नव्हतं!

"काय म्हणतात त्या?" मॅडमनी विचारलं.

"शी वॉज रिलीव्ह्ड, मॅडम," गुरुमूर्ती चटकन म्हणाले आणि पुन्हा कागदात बघू लागले.

वाचली होती ती. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण धडधड उलट वाढली. उद्या याच माणसाच्या हाताखाली बसायचं. तपासलेली प्रत्येक गुणपत्रिका यांच्याकडे जाणार, आणि दोघांनाही ठाऊक. रोज त्यांचा चेहरा वाचत बसायचं, आज बोलतील की उद्या? तिला ते सोसवेना.

"मॅडम, मला काढलं," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि तारखेचं, मांडवाचं सगळं सांगून मोकळी झाली. "चूक माझीच."

साईप्रियाने कपाळावर हात मारला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, काही लिहिलं आणि "कळवतो" म्हणून उठून गेल्या. नोकरी शोधणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

गुरुमूर्ती मागे राहिले होते. "अक्का, मी झांकलं होतं कीं. जागा तुम्हांसच मिळाली असती."

"ठावं आहे मज." भुवना म्हणाली. "पण मग रोज जीव मुठीत धरून तपासलं असतं. ती तारीख तशीच तर सुटली, अण्णा."