खंडेनवमीला पुजलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. काळाला थांबवणं आजवर भल्याभल्यांना जमलेलं नाही, मला मात्र ते अनेक वर्षं जमत होतं. अट एवढीच, की दर काही दिवसांनी वरून द्रव नायट्रोजन ओतावा लागे. नाही ओतला तर काळ पुन्हा चालू होई.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या दोन भिंती, मधे पोकळी, अरुंद मान आणि त्यात घट्ट बसणारं बुचाचं झाकण. माझ्या काही बहिणी वळूंचं वीर्य जपायला जनावरांच्या दवाखान्यांत गेल्या. मी सदाशिव पेठेत डॉ. श्यामला यांच्या दवाखान्यात आले. ज्यांना मूल हवं आहे पण आत्ता नको, किंवा आत्ता शक्य नाही, अशा लोकांची अंडी, शुक्राणू आणि गर्भ माझ्या पोटात राहात. बाहेर पुण्याचा उन्हाळा आणि आत शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. डॉक्टरीणबाई परदेशात शिकून आल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवत. मीही जरा ताठ उभी राहात असे.

एका फेब्रुवारीत पूर्णिमा आली. एकोणतीस वर्षांची, मूळची यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. मानेत गाठ आली होती आणि तिचा रिपोर्ट चांगला नव्हता. केमो लवकरच सुरू व्हायची होती. सोबत आई होती आणि सलिल होता. सलिल म्हणजे तिचा होणारा नवरा, पेठेतलाच. साखरपुडा झालेला, लग्न डिसेंबरात.

आईने आधी माझ्याकडेच पाहिलं. "बाई, अशी टाकी तं आमच्या गावात ढोरांच्या डॉक्टराजवळ हाय. मोटरसायकलीवर बांधून फिरते तो."

माझ्या आयुष्यातला तो पहिला अपमान. डॉक्टरीणबाई "तत्त्व तेच आहे" एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. केमोने गाठ जाईल, पण अंडाशयालाही मार बसू शकतो. किती, ते आज सांगता येत नाही. म्हणून आधीच काही जपून ठेवता येतं. एक, साधारण दोन आठवडे इंजेक्शनं देऊन अंडी वाढवायची, काढायची आणि गोठवायची; कर्करोगाच्या डॉक्टरांनी तेवढी मुदत दिली आहे. दुसरं, त्या अंड्यांचा नवऱ्याच्या शुक्राणूंशी संयोग करून गर्भ गोठवायचा. आणि मुदतच नसती, तर छोट्या शस्त्रक्रियेने अंडाशयाचा तुकडा काढून ठेवला असता.

"आणि यातलं काहीही खात्रीचं नाही," त्या म्हणाल्या. "गोठवलेल्या प्रत्येक अंड्याचं मूल होत नाही. आपण शक्यता ठेवतो, मूल ठेवत नाही."

आईचं लक्ष दुसऱ्या पर्यायावरच अडकलं होतं. "गर्भच ठेवा न मग. अर्धं काम झालेलं बरं."

"त्याला कायद्याने नवरा लागतो, आई. होणारा चालत नाही."

"तं करून टाकू. आळंदीले एका दिवसात लगन लागते म्हने."

सगळ्यांनी सलिलकडे पाहिलं. सलिल म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

पूर्णिमा त्याच्याकडे वळली. "हरकत नाही म्हणजे? सोसायटीची मीटिंग आहे का ही?"

"अगं, तसं नाही. तुला मदत होणार असेल तर—"

"उद्या हो म्हणशील, परवा आळंदीला उभा राहशील. आणि दहा वर्षांनी माझ्याशी पटलं नाही, तर त्या गर्भांचं कोण ठरवणार?"

"दोघांनी मिळून ठरवायचं असतं," डॉक्टरीणबाईंनी मधेच सांगितलं.

"तेच म्हणतेय. आजार विचारून आला नाही. पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या हातात ठरवण्यासारखं हे एवढंच आहे." ती थोडी थांबली. "अंडी ठेवा. नुसती माझी. लग्न डिसेंबरात आहे, ते डिसेंबरात बघू."

आई भिंतीकडे तोंड करून बसली. सलिलने मात्र पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला, हे मी पाहिलं. तो भला मुलगा होता, फक्त त्याला कुणी विचारलं की तो हो म्हणे.

अशा रीतीने पूर्णिमाची अंडी माझ्याकडे आली. मित्रांनो, काड्यांवर चिकटलेले ते ठिपके डोळ्यांना दिसतही नाहीत, पण माझं झाकण उघडताना डॉक्टरीणबाई श्वास रोखून धरत. रोज लाकडी पट्टी आत सोडून नायट्रोजन किती उरला ते पाहायचं, हा दवाखान्याचा नियम होता. माझ्या नोकरीचे ते सोन्याचे दिवस होते.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लागलं, चिमट्यांना लागलं, कॉफीच्या यंत्रालाही लागलं. मला तर डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला. चांगला जाडजूड, मार्केटयार्डातला. माझी मान अरुंद असल्याने तो घसरू नये म्हणून त्यांनी त्याचा दोरा झाकणाखालून ओढून घेतला. बूच दोऱ्यावर बसलं, म्हणजे नीट बसलंच नाही. फटीतून माझी वाफ हळूहळू निघू लागली. बघणाऱ्यांना ती उदबत्तीची वाटली.

पुढे दसरा आणि त्याला जोडून शनिवार-रविवार. सुट्टीत माझ्याकडे बघायची पाळी डॉक्टरीणबाईंचीच होती, आणि त्या चुकल्या नाहीत. रोज आल्या. दारातून माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि गेल्या. पूजेत ठेवलेलं हत्यार उचलायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. हार उतरवून पट्टी घालायला त्यांचं मन धजावलं नाही. माझं आयुष्यभर कौतुक झालं, पण इतका निष्काळजीपणा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

सोमवारी हार उतरवला आणि पट्टी आत सोडली. ती जवळजवळ कोरडीच वर आली. तळाशी थोडा नायट्रोजन होता, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. ज्यांचं ज्यांचं माझ्याकडे होतं, त्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. पूर्णिमा डोक्याला रुमाल बांधून आली. तिची केमो नुकतीच संपली होती. लग्न पुढे गेलं होतं.

"हार कुणी घातला?"

"मी."

"आणि उघडून कुणी बघितलं नाही?"

"मीच. पूजेत होती ती."

पूर्णिमाने मान वर केली. "डॉक्टर, तुम्ही परदेशात शिकलात ना?"

"हो."

"बरं."

आईला राहवलं नाही. "आमच्या ढोरांच्या डॉक्टरानं टाकीले कधी हार नाही घातला."

"गेली का माझी अंडी?" पूर्णिमाने विचारलं. आवाज साधा होता, पण रुमालाचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

"बहुतेक नाही. तुमच्या काड्या तळाशी, नायट्रोजन उरला होता तिथे होत्या. पण नक्की कळायला वितळवून बघावं लागेल, आणि नुसतं बघण्यासाठी कुणी वितळवत नाही. वापरायची वेळ येईल तेव्हाच कळेल. माझी चूक आहे, पूर्णिमा. माफी मागते."

पूर्णिमाने माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. "तोपर्यंत तरी नीट ठेवा," म्हणाली आणि उठली.

त्यानंतर लवकरच नवी टाकी आली. नायट्रोजन कमी झाला की ती फोन करते. माझ्या पोटातलं सगळं तिच्यात गेलं आणि मी बाहेर पॅसेजमध्ये, छत्र्या ठेवायला. तिथून आतलं सगळं ऐकू येतं.

काही वर्षं गेली, आणि गेल्या जुलैत पूर्णिमा आली. केस वाढले होते. सलिलशी लग्न झालं होतं, आळंदीला नाही, तिला वाटलं तेव्हा, यवतमाळला. रिपोर्ट चांगले होते, कर्करोगाच्या डॉक्टरांनीही परवानगी दिली होती. डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्याचा आवाज मी ओळखला. इतकी वर्षं तो हार त्यांच्या छातीवर होता; आता अंडी वितळवून एकदाचं काय ते कळणार होतं.

"मग करायची सुरुवात?"

"नाही," पूर्णिमा म्हणाली. "एवढंच सांगायला आले होते. आधी मला दोनएक वर्षं नुसतं बरं असायचंय. मग आम्ही ठरवू. कदाचित नको असंही ठरवू."

सलिल म्हणाला, "मला मूल हवंय. पण घाई नाही." त्याने या वेळी दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या.

आई म्हणाली, "राहू द्या तशीच. खराब तं नाही होत न?"

"टाकी भरलेली असली तर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. नंतर ठरवू, असं म्हणता येणं ही जपण्यासारखी गोष्ट आहे. आजारी माणसाला ती सहजासहजी मिळत नाही. ती तुमच्याकडे कुणी विश्वासाने ठेवायला दिली, तर तिला हात जोडू नका. झाकण काढा आणि पट्टी आत घाला.

माझ्यातली छत्री उचलून पूर्णिमा आणि सलिल नवा फ्रिज बघायला गेले. घरातला नीट गार करत नव्हता.