उसनं कातडं

नळीने क्षारपाणी पाजत असतानाच नववं वासरू माझ्या मांडीवर गेलं. डोळे खोल गेलेले, शेपटी पिवळ्या हगवणीने चिकटलेली.

"बर्फ वितळतोय, ओल बाधतेय," बाबा म्हणाले. नेब्रास्काच्या या वाळूटेकड्यांत त्यांनी विणीचे पन्नास हंगाम काढलेत. "तुमच्या प्रयोगशाळेत ओल मोजत नाहीत वाटतं?"

मी नळी काढून त्यांच्या हातात दिली. जनावरांच्या रोगांचं शिक्षण घेऊन मी घरी परतले होते. हा विषाणू होता, आणि तो कुठून आला तेही मला ठाऊक होतं.

बारा दिवसांपूर्वी एका गायीला मेलेलं वासरू झालं. ती सारखी हंबरत होती. बाबा दातांसाठी दोन दिवस शहरात होते. मी गुरांच्या बाजारातून एक पोरकं वासरू आणलं, मेलेल्याचं कातडं सोलून त्याच्या पाठीवर बांधलं. गायीने हुंगलं, आपल्याच वासराचा वास आला आणि तिने पाजलं. विणीच्या काळात बाहेरचं जनावर आत येऊ द्यायचं नाही, हा बाबांचा नियम. म्हणून मी त्यांना सांगितलं, आपल्याच दुसऱ्या एका गायीच्या जुळ्यातलं आहे.

रोग घेऊन आलेलं ते वासरू स्वतः धडधाकट होतं. बाकीची मरत होती.

"अजून न व्यालेल्या साठ गायी आजच उत्तरेच्या कुरणात नेऊ," मी म्हणाले. "ती जमीन स्वच्छ आहे, तिथे एकही आजारी वासरू हगलेलं नाही."

"तिथे ना झाड, ना आडोसा. वादळ आलं तर तुझं पुस्तक पांघरायचं का त्यांनी?"

"बाबा, ओल नाहीये ही. ते वासरू जुळ्यातलं नाही. मी बाजारातून आणलं."

त्यांनी नळी पुसून बाजूला ठेवली.

"जुळं कुणाला झालं म्हणाली होतीस?"

"चौऱ्याहत्तर नंबरला."

"जुळं झालं म्हणून तिला मी दहा दिवस दुप्पट चारा घालतोय. नुसती फुगलीय ती." मग म्हणाले, "बूट धू, मॅरिट. तळसुद्धा. आणि फाटक उघड."

साठ गायी गेल्या. उसन्या वासराची आई कुंपणाआड राहिली, ते तिला ढुशा देत पीत होतं.

पाचव्या दिवशी वादळ आलं. कुरणात दोन वासरं गारठून मेली.

आज दहावा दिवस. तिथे जन्मलेली सोळा वासरं उरलीत. रोज सकाळी मी प्रत्येकाची शेपटी उचलून बघते. अजून कोरड्या आहेत.

"किती आजारी?" बाबा विचारतात.

"एकही नाही."

ते मान हलवतात, टोपी घालतात आणि स्वतः जाऊन बघून येतात.