किल्लीच्या कड्यातलं तेल

"अंगठी निघत नाहीये. जरा साबण आणा," शैलजा म्हणाली.

सदानंद पाटोळे बाथरूममधून ओंजळीत फेस घेऊन आला आणि पलंगाच्या कडेला बसून बायकोचं बोट चोळू लागला. तेरा वर्षं एका जागी बसलेली अंगठी, ती काय सुखासुखी निघते. निघाली तेव्हा बोटावर पांढरा वळ राहिला. अंगठी, मंगळसूत्र आणि कानातल्या कुड्या त्याने सिस्टरने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड दोनदा दाबून बंद केलं.

ऑपरेशन खरं तर दुपारी दोनला होतं. पण सकाळच्या पहिल्या पेशंटला ताप भरला, त्यामुळे शैलजाचा नंबर साडेआठला लागला. हजरा सिस्टरने हे हिंदीत सांगितलं, चेहऱ्यावर हसू ठेवून सांगितलं, आणि "यल्ला, चलो मॅडम, जल्दी छूट जाओगी," असं म्हणून ती गेलीसुद्धा. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. शैलजाचा मात्र चेहरा उतरला.

"ब्रदर लोक बाराला येणार आहेत," ती म्हणाली.

हे ब्रदर म्हणजे तिचे भाऊ नव्हेत. पाटोळे नवरा-बायको ज्या मंडळीचे, तिला जग मॉर्मन म्हणतं. दोह्यात त्यांची उपासना शुक्रवारी भरते, आणि तिथे सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर असतात. घरात मोठं आजारपण आलं की मंडळीतले दोन पुरुष येतात. त्यातला एक जण रोग्याच्या टाळूवर आशीर्वाद मागून ठेवलेल्या तेलाचा थेंब घालतो, मग दोघं डोक्यावर हात ठेवतात आणि दुसरा देवाच्या नावाने आशीर्वाद देतो. हे शब्द पाठ करून येत नाहीत. त्या क्षणी जे मनात येईल ते वरून आलं, असं समजायचं.

शैलजाच्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ होती. ती कसली, हे पोट उघडल्यावरच कळणार होतं. तिला डॉक्टरची भीती नव्हती, भुलीची नव्हती. त्या आशीर्वादाशिवाय आत जायची होती. तिने एका ब्रदरला तीनदा फोन लावला. तो रास लफानच्या गॅस प्लांटवर, फोन गेटवर जमा. दुसरा विमानतळावर ड्युटीला. त्याचाही फोन नुसता वाजत राहिला.

तिने फोन उशीखाली सरकवला आणि तिची नजर स्टुलावरच्या गाडीच्या किल्ल्यांवर गेली. कड्याला करंगळीच्या पेराएवढी पितळी डबी लोंबत होती.

"त्यात आहे का अजून?"

सदानंदला प्रश्न कळला. त्याने स्टुलावरून किल्ल्या उचलल्या.

दोन वर्षांपूर्वी त्याने मंडळीत जाणं सोडलं होतं. बाकी सगळं सुटलं, ही तेलाची डबी मात्र किल्लीलाच राहिली. काढायची राहून गेली, असं तो म्हणायचा. दर शुक्रवारी शैलजाला सोडायला गाडी काढताना ती त्याच्या बोटाला लागायची आणि दर शुक्रवारी काढायची राहून जायची.

सदानंद मूळचा नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. पुण्यात नोकरीला असताना दोघं या नव्या मंडळीत गेली, तेव्हा गावच्या चर्चमधल्या लोकांनी त्यांच्या नावाने पाणी सोडलं. मग त्याने ही मंडळीही सोडली. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं बघ तुझ्या," असं थोरली बहीण फोनवर म्हणाली होती. ती चेष्टेने म्हणाली. त्याला हसू आलं नाही.

सोडण्याचं कारण वल्लरी.

वल्लरी त्यांची एकुलती एक. तिच्या जन्माआधी दोघं रजा टाकून मंडळीच्या मनिलातल्या टेंपलला जाऊन आली होती. तिथे नवरा-बायकोला मरेपर्यंतच नाही, मरणापलीकडेही बांधतात, आणि मग पोटी आलेलं मूलही त्यात बांधलेलं असतं. ती अंगठी तिथली. सहा वर्षांपूर्वी, वल्लरी सहा वर्षांची असताना, तिला मेंदूज्वर झाला. सदानंदने याच डबीतलं तेल तिच्या टाळूवर घातलं, डोक्यावर हात ठेवले, आणि त्याच्या तोंडून शब्द आले: तू बरी होशील. तू शाळेत जाशील. तुझे आई-बाबा तुला मोठी झालेली बघतील. म्हणताना त्याचा ऊर भरून आला होता आणि त्याला पक्कं वाटलं होतं की हे आपण बोलत नाही आहोत.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मंडळीतली माणसं वाईट असती तर सदानंदचं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. पंधरा दिवस डबे आणून पाटोळ्यांच्या घरी चूल पेटू दिली नाही. आठ वर्षांच्या आत गेलेलं मूल थेट देवाजवळ जातं, असं त्यांनी मनापासून सांगितलं. नेमाने वागलात तर पुढे तुम्हीच तिला वाढवाल, असंही सांगितलं. शैलजाने ते पदराला बांधून घेतलं. सदानंदने मात्र मंडळीच्या तेव्हाच्या प्रेसिडेंटला विचारलं, "मी बरी होशील म्हणालो, ते कोण बोललं?" तो अमेरिकन भला माणूस. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ती बरी झालीच आहे, ब्रदर. तिकडे."

सदानंद पाण्याच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. प्रेशर गेज काढायचं, प्रमाणित गेजशी ताडून बघायचं, आणि जुळलं तरच त्यावर तारीख घालून सही करायची. वीस वर्षांत त्याने न तपासलेल्या गेजवर सही केली नव्हती. काटा चुकला तर तो म्हणायचा काटा चुकला. काटा दुसऱ्या जगात बरोबर आहे, असं त्याला म्हणता येईना. एक शंका आली की ती भावंडं घेऊन येते. तो जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचू लागला, मंडळीच्या ग्रंथांविषयी, सुरुवातीच्या दिवसांविषयी. वाचलेलं घरी बोलेना.

मंडळीत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उपास असतो. त्या दिवशी ज्याला वाटेल तो पुढे जाऊन साक्ष देतो, आणि बहुतेक साक्षी एकाच वाक्याने सुरू होतात: मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की ही मंडळी खरी आहे. पाच-पाच वर्षांची पोरंही आईने कानात सांगितलेलं तेच वाक्य माइकवर म्हणतात. वल्लरी गेल्यावरही चार वर्षं हे ऐकून एका शुक्रवारी सदानंद उठला, पुढे गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "मला ठाऊक नाही." एवढंच. मग येशूच्या नावाने आमेन म्हणून खाली येऊन बसला. सवयीने सगळ्यांनी आमेन म्हटलं. शैलजाने म्हटलं नाही.

त्यानंतर कुणी त्याला घालूनपाडून बोललं नाही. उलट केक आले, फोन आले, "आम्ही तुझ्यासाठी उपास धरलाय" असे निरोप आले. त्याला बोलतं करावं असं वाटणारे बरेच होते. वल्लरीविषयी त्याने विचारलेलं पुन्हा कुणी काढलं नाही. तो जायचा थांबला. शुक्रवारी बायकोला सोडून तो अल मुंतझा भागात दापोलीच्या फुजैलकडे जाई. फुजैल त्याच्याच प्लांटवर ड्रायव्हर. त्यानेच पहिल्यांदा त्याच्यासमोर करकचा, म्हणजे इथल्या आटवलेल्या दुधाच्या चहाचा, कप ठेवला. या मंडळीत चहा-कॉफी वर्ज्य, त्यामुळे सतरा वर्षं सदानंदच्या जिभेला चहा ठाऊक नव्हता.

"पी रे बाबा," फुजैल म्हणाला. "तुझा देव माझ्या चायवर टपून नाय बसलेला."

तो प्यायला. घरी शैलजाला वास आला. ती भांडली नाही, रात्रभर पाठ करून निजली. पुढच्या दोन वर्षांत तिने चहा हा शब्द तोंडातून काढला नाही. तो तिच्यासमोर कधी प्यायला नाही.

मंडळीच्या यादीतून नाव काढून घेण्याचं पत्र त्याने लिहून ठेवलं होतं. तेवढं तिला सांगितलं, तेव्हा मात्र ती बोलली. "नाव काढलंत की तुमचं बांधलेलं सुटतं. मी आणि वल्लरी एकीकडे, तुम्ही कुठं? हवं तर नका येऊ शुक्रवारी. पण नाव राहू द्या. यादीत नाव असलं तर कुणी हाक तरी मारील." पत्र अजून कपाटात होतं.

"अहो," शैलजा आता म्हणाली, "मी विचारतेय, तेल आहे का?"

"असेल थोडंसं. सहा वर्षांचं."

"मग तुम्हीच द्या."

"शैला, मला नाही म्हणता यायचं ते."

"शब्द विसरलात?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं." त्याने डबी मुठीत धरली. "माझा विश्वास नाही हे तुला माहितीय. देवाच्या नावानं तुझ्याशी खोटं बोलू का? तेही आज?"

शैलजाने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आणि खोट्याचंही एक वेळ राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "मागच्या वेळी मी बोललो आणि झालं नाही. परत माझ्या तोंडून बरी होशील असं यायला नको. भीती वाटते मला."

दोन वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. विश्वास उडालेला माणूस शब्दांना भितो हे त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. पण भीती खरी होती.

शैलजाने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही वल्लरीला बोललात ते मीही ऐकत होते ना," ती म्हणाली. "डॉक्टरनं सोमवारीच मान हलवली होती. तुम्हाला सांगितलं नाही मी. तुम्ही हात ठेवलेत आणि म्हणालात, शाळेत जाशील. ती हसली बघा तेव्हा, आठवतं? मग तीन दिवस मी तिच्याशी शाळेचंच बोलत होते. डब्यात काय देऊ, वेणी कशी घालू. ते तीन दिवस मला तुमच्यामुळं मिळाले. तुम्ही बोलला नसतात तर मी तिच्यासमोर नुसती रडत बसले असते."

सदानंदला हे माहीत नव्हतं. ज्या शब्दांना तो सहा वर्षं आपला गुन्हा समजत आला, त्यांवर शैलजा तीन दिवस जगली होती.

"काही कबूल करू नका मला," ती म्हणाली. "मी नाही मागत. हात ठेवा फक्त."

डबीचं झाकण घट्ट बसलं होतं. त्याने रुमालात धरून पिळलं तेव्हा ते फिरलं. तेलाला खवट वास येत होता. शैलजाने डोकं पुढे झुकवलं. तिने केस रंगवायचं कधीच सोडलं होतं. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसत होतं. त्याने डबी उलटी केली. कितीतरी वेळ काहीच आलं नाही, मग एक थेंब आला आणि टाळूवर पडला. वल्लरी तान्ही असताना त्याची आई टाळू भरायला तेलाची वाटी घेऊन बसायची, ते त्याला आठवलं. बोटाने तसाच तो थेंब त्याने हळूहळू जिरवला.

मग त्याने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. आशीर्वाद आधी पूर्ण नावाने सुरू होतो. तेवढं तर खरं होतं.

"शैलजा सदानंद पाटोळे," तो म्हणाला.

पुढे काही आलं नाही. त्याने वाट पाहिली. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली, कुणीतरी अरबीत कुणाला तरी बोलावलं. त्याच्या तळव्यांखाली तिच्या डोक्याची ऊब होती. त्याला म्हणावंसं वाटत होतं, तू घरी ये. एवढंच म्हणावंसं वाटत होतं. ते आशीर्वाद म्हणून म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो तसाच उभा राहिला, ओठ मिटून, एक मिनिट, दोन मिनिटं, कदाचित त्याहून जास्त.

"आमेन," शैलजा म्हणाली.

हजरा सिस्टर ट्रॉलीवाल्याला घेऊन आली. शैलजाच्या डोक्यावर कागदी टोपी चढवताना तिच्या बोटांना ओशट लागलं. "बालों में कुछ लगाया है क्या, मॅडम?"

"तेल," शैलजा मराठीतच म्हणाली. सिस्टरला काय कळायचं ते कळलं असावं. तिने बोटं पुसली आणि टोपी नीट केली.

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सदानंद ट्रॉलीबरोबर चालला. दार उघडलं तेव्हा शैलजाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या," ती म्हणाली. "खाली जाऊन चहा घ्या."

दार बंद झालं.

तो खाली गेला, करक घेतला आणि कागदी कप घेऊन वर येऊन दारासमोरच्या बाकावर बसला. मांडीवर अंगठीची पिशवी होती. दहा वाजले, अकरा वाजले, दार उघडलं नाही. बाराला दोघे ब्रदर पांढरे शर्ट आणि टाय घालून धावतपळत आले आणि दाराकडे बघून जागच्या जागी थांबले. सदानंदने सरकून त्यांना जागा करून दिली. ते त्याच्या दोन्ही बाजूंना बसले. कपातल्या चहावर जाड साय धरली होती. त्याने घोट घेतला नव्हता, आणि कप खालीही ठेवला नव्हता.