कमीच असणार

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत, लोखंडी दोरांना ग्रीस लावण्यात त्याचं आयुष्य गेलं. दुपारचं जेवण ज्या इमारतीत काम असेल तिथल्या कँटीनमध्ये. आता कँटीनच्या जेवणाबद्दल काय बोलावं? सगळ्यांसाठी शिजवलेलं आणि कुणाच्याच जिभेला न लागणारं. म्हणून ताट समोर आलं की आधी वरून मीठ, मग घास, अशी त्याला सवय लागली. बरं, लागली तर लागली, कँटीनमध्येच ठेवावी की नाही? पण नाही. कामाचे बूट घालून माणूस तसाच घरात शिरावा, तशी ही सवय त्यानं लग्नानंतर घरात आणली.

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. घरात राहिली दोन माणसं, मिस्त्री आणि त्याच्या सासूबाई. लेकीचं दुखणं काढायला आलेल्या सासूबाई लेक गेल्यावरही राहिल्या. त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर राहा असंही कुणी म्हटलं नाही. गुडघे बोलत होते, हात थरथरत होते, शेगडीपुढे उभं राहणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. तेव्हा रात्रीचा स्वयंपाक मिस्त्रीच्या गळ्यात पडला. ज्या माणसानं जन्मात कधी चहाचं पाणी ठेवलं नव्हतं, तो साठीच्या घरात आल्यावर कांदा चिरायला शिकला.

आणि गंमत बघा, त्याला ते आवडायला लागलं. संध्याकाळी तो घरी यायचा, हाताचं ग्रीस घासूनघासून काढायचा आणि ओट्याशी उभा राहायचा. सासूबाई खिडकीपाशी स्टुलावर बसून मटार सोलायच्या आणि तिथूनच हुकूम सोडायच्या. कांदा इतका का जाळताय मिस्त्री, त्यानं तुमचं काय घोडं मारलंय? पाणी घाला, बटाटे उकडायचेत, त्यांना पोहायला नाही न्यायचंय. सगळ्या जगासारखं त्याही त्याला मिस्त्रीच म्हणायच्या, पण अहो-जाहो करून. तो त्यांना आई म्हणायचा. जेवण साधंच असे. बटाट्याकांद्याचा रस्सा आणि पाव, कधी मटार घातलेला भात, कंटाळा आला की कोबी परतून त्यावर फोडलेली अंडी. दोन ताटं, दोन चमचे, मधे भोकांच्या झाकणाची मिठाची डबी.

स्वयंपाक होईस्तोवर सासूबाई लेकीच्या गोष्टी सांगायच्या. लहानपणी म्हणे ती मीठवेडी होती. टोमॅटो कापून त्यावर मीठ, काकडीवर मीठ, काहीच नसलं तर तळहातावर नुसतंच मीठ. एकदा तर तिच्या उशीखाली मिठाची पुडी सापडली होती. मिस्त्रीला हे काही केल्या पटेना. त्याच्या घरात तिनं जन्मभर अळणी शिजवलं होतं. आमच्याकडे मिठाचा दुष्काळ आहे, हा विनोद त्यानं कामावरच्या प्रत्येकाला ऐकवला होता. पाहुण्यांनाही सोडलं नव्हतं, आणि पाहुण्यांबरोबर तीही हसायची. म्हणजे माहेरी एवढी खारट असलेली मुलगी माझ्याकडे येऊन अळणी झाली म्हणायची, असं तो एकदा हसत हसत म्हणाला. सासूबाई हसल्या नाहीत. हातातली शेंग त्यांनी उगाच बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

आता त्याच्या स्वयंपाकातल्या एका अडचणीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं. सुरुवातीला मीठ सासूबाई सांगतील तेवढंच पडायचं. त्या थरथरत्या बोटांनी चिमूट दाखवायच्या, तो तेवढं पातेल्यात टाकायचा. मग दोघं जेवायला बसायची, मिस्त्रीचा हात आपोआप डबीकडे जायचा, दोनदा झटका, आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं. खारट. नवशिक्याचा हात, जास्त पडलं असणार, असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं पातेल्यात थोडं कमी घातलं. तरी खारट. मग त्यानं मिठाच्या कंपनीला नावं ठेवली, हल्ली मीठसुद्धा कडक निघतं म्हणाला, आणि आणखी कमी केलं. असं करत करत एके दिवशी त्याच्या ताटात चव बरोबर जमली. जमलं बुवा, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. डबी रोज आपल्याच हातानं दोनदा झटकली जाते, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ज्याला दुसऱ्याच्या लिफ्टमधला बारीकसा खडखड आवाज खालच्या मजल्यावरून ऐकू यायचा, त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता.

कसं झालंय, असं तो रोज विचारायचा. छान शिजलंय, असं सासूबाई रोज म्हणायच्या. शिजलंय म्हणायच्या, बरं का, झालंय नाही. पण एवढं कान देऊन कोण ऐकतंय.

अशात एक दिवस मेव्हण्याचा, म्हणजे सासूबाईंच्या मुलाचा फोन आला. त्यानं मोठं घर घेतलं होतं, खालच्या मजल्यावर एक खोली होती, आईला जिना चढायला नको. रविवारी येतो आणि घेऊन जातो म्हणाला. फोन ठेवून सासूबाई स्टुलावर येऊन बसल्या. मुलगा बोलावतोय, काय करू, असं त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्रीच्या मनात आलं, त्या गेल्या तर संध्याकाळी घरी कशासाठी यायचं? बायकोच्या लहानपणाबद्दल सांगणारं दुसरं कोण उरलं होतं? सासूबाई पहाटे खोकायच्या तेव्हा क्षणभर वाटायचं, तीच उठलीय. हे सगळं त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं. पोटचा मुलगा, सून, नातवंडं सोडून कोणती बाई जावयाच्या घरी राहील? त्यांना जायचंच असणार, उगाच कशाला अडचणीत टाका. जायलाच हवं तुम्ही, असं तो म्हणाला, तिकडे तुमची माणसं आहेत, तुम्हाला बरं वाटेल. सासूबाई हो का म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलू लागल्या. आपण मन मोठं केलं, असं मिस्त्रीला वाटलं. अरे, मन मोठं करायला सांगितलं कुणी होतं तुला?

पुढचे दिवस त्याला काही सुचेना. मोटारीच्या खोलीत एकटा असताना तो मोठ्यानं बोलून बघायचा, आई, जाऊ नका. एवढेच तीन शब्द. मोटारीपुढे ते बरे निघायचे. घरी आलं की तोंडाला कुलूप. शेवटी त्यानं ठरवलं, रविवारी मेव्हण्यासमोरच बोलायचं, म्हणजे लपवाछपवी नको. छान जेवू घालायचं आणि मग सांगायचं, आईंना इथेच राहू द्या.

रविवारी संध्याकाळी त्यानं रश्श्यावर जीव ओतला. कांदा मंद आचेवर, जरासुद्धा न जाळता. बटाटे एकसारखे. मीठ आपल्या नव्या अंदाजानं, हात आखडूनच. मेव्हणा आला, हातपाय धुऊन बसला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. ताटं वाढली. मिस्त्रीनं डबी उचलून आपल्या ताटावर झटकली आणि तेवढ्यात मेव्हण्यानं पहिला चमचा तोंडात घातला. तो थांबला. दाजी, मीठ घालायचं राहिलं वाटतं, असं तो हसत म्हणाला आणि त्यानं डबीसाठी हात पुढे केला. मग त्याची नजर आईच्या ताटावर गेली. त्या पाव बुडवून मुकाट्यानं जेवत होत्या.

आई, तू हे असंच खातेस का रोज, असं त्यानं विचारलं. डबी समोर आहे, घ्यावं की थोडं.

"तुझ्या ताईनं कधी घेतलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी कशी घेऊ?"

मिस्त्रीला काहीच कळेना. तिला अळणीच आवडायचं, असं तो म्हणाला. तेव्हा सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि जे पोटात ठेवलं होतं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मिस्त्रीला सोसायला सोपं गेलं असतं.

लग्न झालं तेव्हा ती मीठ बरोबरच घालायची. आईच्या हाताखाली शिकलेली, चुकायची नाही. पण हा मिस्त्री न चाखता वरून घ्यायचा आणि मग तोंड वाकडं करायचा. आधी चव तर बघा, असं ती सांगायची. बघायचंय काय त्यात, कमीच असणार, हे याचं ठरलेलं उत्तर. सांगून सांगून ती दमली आणि मग पातेल्यातलं मीठ कमी करत गेली, याच्या डबीचे दोन झटके पडले की याचं ताट बरोबर लागेल इतकं. याचं ताट जमलं. तिचं अळणी राहिलं. एकदा, एकदाच, तिनं आपल्या ताटावर मीठ घेतलं, तर पाहुण्यांसमोर हा हसला. बघा, हिलासुद्धा कमी लागतं, तरी घालत नाही, असं म्हणाला. त्यानंतर तिनं त्या डबीला हात लावला नाही. जन्मभर लावला नाही.

मिस्त्रीला तो दिवस आठवला. पाहुणे आठवले, त्यांचं हसणं आठवलं, तिचं हसणंही आठवलं. थट्टा केली होती हो मी, असं तो कसाबसा म्हणाला.

"माहितीये. म्हणून तर तीही हसली," सासूबाई म्हणाल्या. "मी आले त्या दिवशीच विचारलं तिला, बाई गं, हे काय खातेस तू? तर म्हणाली, सवय झाली आई, पण त्यांना सांगू नकोस. इतकी वर्षं हसलेत मला, आता कळलं तर त्यांनाच वाईट वाटेल."

मेव्हणा ताटाकडे बघत बसला. सांगणार नव्हते मी, असं सासूबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. मीठ कमी होत गेलं तेव्हा वाटलं, आज ना उद्या तुमच्या लक्षात येईल. माझ्या ताटातला एक चमचा तरी कधी चाखून बघाल.

मिस्त्रीच्या तोंडून तेव्हा ते तीन शब्द निघाले. मोटारीपुढे निघायचे तसे नाही, पार फुटून निघाले.

"आई, जाऊ नका. राहा इथेच. मी आधी चव बघेन. रोज बघेन."

सासूबाईंचे डोळे भरले. त्यांनी टेबलावरून हात लांब करून त्याच्या मनगटावर ठेवला.

"मी विचारलं होतं ना तुम्हाला, काय करू म्हणून? राहायचंच होतं मला. तिची भांडी आहेत इथे, तिची खिडकी आहे. पण माझ्या मनात काय आहे ते तुम्हीच सांगून मोकळे झालात. आता त्यानं खोली रंगवून घेतलीय, नातवंडं वाट बघतायत. शब्द दिलाय मी."

चार दिवसांपूर्वीच तर विचारलं होतं त्यांनी. त्या दिवशी बोलला असता तर. पण त्या दिवशी त्याला सगळं आधीच ठाऊक होतं.

सकाळी निघण्याआधी सासूबाईंनी स्टूल शेगडीजवळ ओढायला लावलं. मुलगा उशीर होतोय म्हणत होता, त्याला त्यांनी गप्प बसवलं. मिस्त्रीनं बटाटे चिरून दिले, कांदा चिरून दिला. परतणं, ढवळणं, मीठ, सगळं त्यांनी बसल्या बसल्या आपल्या हातानं केलं. पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाल्या, ही हाताची चव मीच तिला दिली होती, संध्याकाळी गरम करून घ्या. मग बॅग घेऊन दोघं निघाली. मिस्त्रीनं लिफ्टचं दार धरून ठेवलं. त्यानंच देखभाल केलेली लिफ्ट, दार कुरकुरलंसुद्धा नाही. ती खालपर्यंत पोचल्याचा आवाज येईस्तोवर तो तिथेच उभा होता.

त्या दिवशी कामात त्याचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं हात धुतले, रस्सा गरम केला, दोन ताटं काढली आणि एक परत ठेवलं. पाव घेतला. बसला. हात डबीकडे गेला, तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून मागे आणला. मग चमचा भरून तोंडात घातला.

मीठ बरोबर होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत तिनं त्याच्यापुढे ठेवलेला रस्सा असाच असणार, आणि तो त्यानं कधी चाखलाच नव्हता. बटाटे मऊ होते, कांद्याचा गोडवा उतरला होता, आणि जिभेवर सगळं जिथल्या तिथे लागत होतं.

"काहीच कमी नाही गं," तो समोरच्या खुर्चीला म्हणाला, आणि मग तो रडला.

बऱ्याच वेळानं तो उठला, ताट नीट पुसून संपवलं आणि पातेलं झाकायला गेला. पातेल्यात अजून एका माणसाचा रस्सा होता. सासूबाईंनीही सवयीनं दोघांचाच केला होता.