पोतनीसांचा बर्फ

"काका, टक्के नकोत मला. शनिवारी स्नो पडणार की नाही, एवढंच सांगा," कल्याणी फोनवर म्हणाली.

कमलाकर पोतनीसांनी चष्मा कपाळावर सरकवला. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळच्या एका छोट्या खासगी हवामान कंपनीत ते बावीस वर्षं अंदाज वर्तवत होते. बर्फ साचू नये म्हणून कौन्सिलनं रस्त्यांवर मीठ टाकायचं की नाही, बंदरातल्या क्रेन कधी थांबवायच्या, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. पण मराठी माणसांत त्यांचा शब्द फारसा चालत नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी छातीठोकपणे बर्फ सांगितला, मंडळानं हळदीकुंकू रद्द केलं आणि त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की बायका अंगणात खुर्च्या टाकून बसल्या. ऐंशी जणांचा तिळगूळ पुढे महिनाभर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून होता. तेव्हापासून वेळेवर न येणाऱ्या माणसाला मंडळात 'पोतनीसांचा बर्फ' म्हणत. त्यांची बायको सुनेत्रासुद्धा म्हणायची, आणि वर चहा पुढे करायची.

"चाळीस टक्के," कमलाकर म्हणाले.

"चाळीसचं मी काय करू?" कल्याणी नागपूरची, किडनी युनिटमध्ये सिनियर नर्स. तिच्या आवाजात चिडचीड नव्हती, घाई होती. "शनिवारच्या पेशंट्सपैकी तिघं कोस्टला राहतात. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, स्नो झाला तर तिथल्या छोट्या लेनमध्ये गाडी घालणार नाही. उद्या दुपारी चारचे तीन स्लॉट्स काढलेत मी. दोघं हो म्हणाले. मगरेकाका नाही म्हणतायत."

"का?"

"उद्या सव्वीस जानेवारी आहे ना. संध्याकाळी सहाला त्यांचा प्रोग्रॅम असतो. चारला मशीनवर बसले तर आठला सुटणार. तुम्ही जरा येऊन बोला त्यांच्याशी. आत्ता इथेच आहेत, गुरुवारच्या डायलिसिसला."

कमलाकरांनी स्क्रीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. इंग्लिश चॅनेलमध्ये कमी दाबाचा एक पट्टा येऊन बसणार होता. तो तीस मैल उत्तरेला सरकला तर समुद्रावरची उबदार हवा आत ओढणार, म्हणजे नुसता पाऊस. तीस मैल दक्षिणेला राहिला तर इथे काहीच नाही. नेमका मधून गेला तर सहा इंच बर्फ आणि किनाऱ्याची सगळी गावं बंद. सगळा एका अंशाचा खेळ होता. त्यांनी कोट चढवला.

कडूबा मगरे यांना कमलाकर ओळखू लागले ते आवाजावरून. कडूबाराव बंदरावर क्रेनचे इलेक्ट्रिशियन होते. रोज सकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. "मगरे बोलतोय. वारा किती? क्रेन चालू ठेवू का थांबवू?" बारा वर्षं कमलाकरांनी त्यांना 'चालू' किंवा 'थांबवा' एवढंच सांगितलं, आणि एकदाही क्रेनखालच्या माणसाच्या केसाला धक्का लागला नाही. तोंडओळख झाली ती पुढे कधीतरी, बसस्टॉपवर. आवाज ऐकून दोघांनी एकाच वेळी मान वळवली होती.

युनिटमध्ये कडूबाराव मशीनला जोडलेले होते. वय अठ्ठ्याहत्तर. दंडाखालून दोन नळ्या निघाल्या होत्या. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची चौकोनी घडी.

"या पोतनीस. बसा. पोरीनं पाठवलं ना तुम्हाला?"

"तिनं पाठवलं नसतं तरी आलो असतो."

"खोटं बोलू नका, तुम्हाला जमत नाही." कडूबाराव हसले. "हे बघा, अठ्ठ्याण्णव साली अकरा माणसं होतो आम्ही. स्काउट्सची शेड मागून घेतली होती. हीटर नाही, काही नाही. कोट घालूनच संविधानाची उद्देशिका वाचली मी. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. आता दीडशे माणूस येतं. पुढच्या वर्षी मी उभा राहीन का, हे डॉक्टर सांगत नाही. नुसतं तीस टक्के म्हणतो."

टक्के सांगणाऱ्याची अडचण कमलाकरांना ठाऊक होती. आपण आकडा सांगतो, आपलं काम संपतं, आणि पुढची रात्र त्या माणसाला एकट्याला काढावी लागते.

"शनिवार चुकला तर?" त्यांनी विचारलं.

"तर सोमवार. चार दिवस होतात." कडूबारावांनी घडी मांडीवर ठेवली. "डिसेंबरात एक चुकलं, तर पाणी छातीत गेलं. दोन दिवस आयसीयूत. प्रणय पोरगा कॉरिडॉरमध्ये बसून होता. म्हणजे मला कळत नाही असं नाही. पण चाळीसच टक्के म्हणता ना? साठ टक्के तर माझ्या बाजूला आहेत."

"आहेत."

"मग?"

आता उठून जाता आलं असतं. आकडा खरा होता आणि निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा, असं कंपनीच्या प्रत्येक पत्रकाखाली छापलेलंच असे.

"पोतनीस, टक्के राहू द्या. सकाळी सहाला फोन केला की कसं सांगायचात? तसं सांगा. चालू का थांबवू?"

हळदीकुंकवाचा तो तिळगूळ कमलाकरांच्या डोळ्यांसमोरून गेला. पुन्हा ऊन पडलं तर आयुष्यभर टिंगल होईल, त्याचं काही नाही. पण या माणसाची ती एक संध्याकाळ जाईल. ते खुर्ची ओढून अगदी जवळ सरकले.

"थांबवा," ते म्हणाले. "माझे वडील असते तर मी त्यांना उद्या चारला इथे आणून बसवलं असतं. ते रागावले असते तरी."

कडूबारावांनी मांडीवरची घडी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी हात करून कल्याणीला बोलावलं. "उद्याचं नाव लिही बाई माझं."

शुक्रवारी दुपारी कमलाकर जेवले नाहीत. सुनेत्रानं दिलेला डबा तसाच राहिला. चारला कडूबाराव मशीनवर बसले असतील, हे त्यांनी घड्याळात पाहिलं. पाचच्या सुमाराला नवे नकाशे आले. कमी दाबाचा पट्टा सरकला होता. तीस मैल नव्हे, पन्नास मैल, उत्तरेला. कौन्सिलला पत्रक गेलं : पाऊस. ते पत्रक कमलाकरांनी स्वतःच लिहिलं आणि स्वतःच्या हातानं पाठवलं. त्यात एकही चूक नव्हती. फक्त चार वाजण्यापूर्वी ते लिहिता आलं नव्हतं.

शनिवारच्या बर्फाचा त्यांचा अंदाज मंडळात पोचला होताच. शनिवारी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर यतीन जोशीनं खिडकीबाहेरच्या पावसाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'पोतनीसकाकांचा बर्फ वितळून आलाय.' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सुनेत्रानं फोन त्यांच्या हातून काढून घेतला आणि गाडीची किल्ली दिली.

"जाऊन या," ती म्हणाली. "तुम्हाला इथे चैन पडायचं नाही."

किनाऱ्यावरच्या मिलफर्डला, कडूबारावांच्या गावाकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून पाणी वाहत होतं. दार प्रणयनं उघडलं. कडूबारावांचा हा मुलगा ब्रिस्टलला इंजिनिअर होता, शनिवार-रविवार वडिलांकडे येई.

"या ना काका. पप्पा पाचपासून खिडकीत बसलेत. स्नो बघायला."

कडूबाराव खरंच खिडकीत बसले होते. कमलाकर ओल्या कोटानिशी दारातच उभे राहिले.

"चुकलो मी कडूबाराव. काल सहाला तुम्ही हॉलमध्ये असू शकला असता."

"असू शकलो असतो," कडूबाराव म्हणाले. ते नाकारायचं सौजन्य त्यांनी दाखवलं नाही, आणि कमलाकरांना ते बरं वाटलं. "प्रणयनं वाचलं. मोबाईलमध्ये बघून. दोन ठिकाणी अडखळला म्हणे."

"तीन," प्रणय स्वयंपाकघरातून म्हणाला.

"मला वाईट वाटतंय," कमलाकर म्हणाले. "फार वाईट वाटतंय."

"वाटू द्या. मलाही वाटलं. मशीनवर बसून घड्याळ बघत होतो. सहा वाजले, सव्वासहा झाले." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "पण सांगू का, वर्षभर सगळे माझ्याशी आकड्यांत बोलतात. क्रिएटिनिन एवढं, हार्ट एवढे टक्के. परवा तुम्ही घाबरलात माझ्यासाठी. ते मला दिसलं. मग मी कशाला हटून बसू?"

कमलाकरांनी ओला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तुम्ही मात्र एकदाही आला नाहीत," कडूबाराव सहज बोलल्यासारखं म्हणाले. "चौदा आमंत्रणं दिली असतील मी. दर वेळी तुमची ड्यूटी."

दर वेळी ड्यूटी नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं. हॉलमध्ये गेलं तर आपलं आडनाव ऐकून कोण काय समजेल, कुठे बसायचं, काय बोलायचं, असल्या संकोचात चौदा वर्षं निघून गेली होती. कमलाकरांनी मान खाली घातली. "ड्यूटी नसायची," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

कडूबारावांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठू लागले. प्रणय धावत आला, पण त्यांनी त्याला मानेनंच मागे थांबवलं. उठायला त्यांना बराच वेळ लागला. उभे राहिल्यावर त्यांनी स्वेटरची बाही पट्टी बांधलेल्या हातावर नीट ओढून घेतली.

"आमच्याकडे हे उभ्यानं ऐकतात," ते म्हणाले.

कमलाकर ताठ उभे राहिले.

कडूबारावांच्या हातात कागद नव्हता. आवाज सुरुवातीला बारीक निघाला, मग क्रेनच्या गोंगाटातून वाऱ्याचा वेग विचारणारा तो जुना आवाज परत आला. न्याय झाला, स्वातंत्र्य झालं, समानता झाली. पुढे त्यांना धाप लागली. शब्द तोंडाशी आला होता, पण श्वास पुरेना. कमलाकरांनी मदत करण्यासाठी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पुढचा शब्द आपल्याला येत नाही.

कडूबारावांनी तळहात दाखवला, थांबा असा. कमलाकर थांबले. दारात प्रणय हात पुसता पुसता उभा राहिला. तिघेही पाऊस ऐकत राहिले. मग कडूबारावांनी दीर्घ श्वास घेतला आणि जिथे सुटलं होतं तिथून, एकही अक्षर न गाळता, ते पुढे म्हणू लागले.